तिसरा रकाना

भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला वळसा घालत डोंगरात शिरतो. त्या बाजूच्या एका वाडीत माधवरावांचं वडिलोपार्जित घर होतं. दगडमातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओसरी, मागे परसू आणि परसात बांधीव विहीर. घराला लागून एक एकर जमीन; त्यातली २० गुंठे भातखाचरं, बाकी वरकस. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसाने माधवरावांचं नाव लागलं होतं, पण जमीन कसायचे ते चुलतभाऊच. पुढे चुलतभाऊ गेले, त्यांची मुलं चाकणला कामाला लागली आणि खाचरं पडीक राहू लागली. नेमके त्याच सुमाराला माधवराव पुण्यातल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले.

गावी जायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. दोन खोल्यांच्या घरातून तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आल्यावर मोकळं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. पाच वर्षांत तोही भरला. माळ्यावर न उघडलेली खोकी होती, कपाटात न घातलेले कपडे होते, आणि दर दिवाळीला आणखी काहीतरी येतच होतं. त्यांनी श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाचलं होतं. प्रयोग परिवार उभा करणाऱ्या या माणसाने, पाच जणांचं कुटुंब दहा गुंठ्यांवर नीट जगू शकतं असं मांडलं होतं. दहा गुंठे म्हणजे जेमतेम अकरा हजार चौरस फूट. आपल्याकडे तर त्याच्या चौपट आहे आणि खाणारी तोंडं दोनच, हे गणित माधवरावांच्या डोक्यातून जाईना.

सुमतीबाईंनाही गावी जायचं होतं. हे आधीच सांगायला हवं, कारण ही गोष्ट नवऱ्याने बायकोला ओढत नेल्याची नव्हे. त्या वाईजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतही त्या वांगी-मिरच्या लावत, त्यातलं सरस फळ बियाण्याला राखून ठेवत, बी राखेत घोळवून डबीत भरत आणि डबीवर तारीख घालत. भाज्यांची गावठी वाणं जमवायची, परसात रोपवाटिका करायची आणि वाडीतल्या घराघरांत रोपं द्यायची, एवढंच त्यांना करायचं होतं. त्यासाठी शहर सोडायला त्या केव्हाही तयार होत्या.

माधवरावांनी एक जाड वही आणली आणि त्यात पट्टीने दोन रकाने आखले. पहिल्या रकान्याचं नाव ‘काय सोडलं’, दुसऱ्याचं ‘किती वाचलं’. मोटार विकली, पेट्रोल आणि विमा वाचला. फ्रिज दिला, वीज वाचली. धुलाई यंत्र दिलं. मिक्सर दिला. गॅसचा सिलिंडर परत केला; गावी सरपण फुकट होतं. धुण्याभांड्याची बाई अर्थातच सुटली. परसात विहीर असताना नळजोड आणि मोटर कशाला हवी, म्हणून तेही नाही. घरी जातं असताना दळण गिरणीत कशाला, आणि उखळ असताना भात सडायला भरडणीच्या गिरणीत कशाला न्यायचं? एकेक ओळ लिहिताना माधवरावांना हलकं वाटत होतं. टेम्पो भरला तेव्हा सामान अर्ध्या टेम्पोतच मावलं. शेजारचे लोक हळहळले. माधवराव मात्र खुशीत होते.

पहिल्या पावसाळ्यात माधवरावांनी अंग मोडून काम केलं. रोपं टाकली, बांधावरचा गिरीपुष्पाचा पाला तोडून चिखलात तुडवला, लावणीला वाडीतल्या माणसांबरोबर स्वतः वाकले. इंद्रायणीचं बियाणं घेतलं होतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं हे वाण आता या डोंगरपट्ट्यात घरचंच झालं आहे; फुलोऱ्यात आलं की बांधावर उभ्या माणसाला वास कळतो. एका खाचरात पाणी टिकेना, तिथलं पीक थोडं उतरलं. तरी दिवाळीनंतर झोडपणी झाली तेव्हा सात क्विंटल भात घरात आला. दोन माणसांना वर्षाला पुरून मुलांना पाठवावा आणि थोडा विकावा इतका. ओल्या खाचरात हरभरा टाकला, परसात पावटा-घेवडा चढला, भोपळ्याचे वेल कौलांवर गेले. बाहेरून आणायचं ते मीठ, तेल, चहा, साखर आणि काडेपेटी. माधवराव रात्री कंदिलाजवळ बसून हे सगळं वहीत टिपत.

सुमतीबाईंचा दिवस पहाटे जात्यापाशी सुरू होई. जात्याच्या तोंडात मूठभर नाचणी घालायची, खुंटा धरून ओढायचं, पुन्हा मूठ घालायची. जुन्या काळी समोरासमोर दोघी बसत म्हणून ओझं वाटलं जाई. इथे एकटीनेच ओढायचं. कित्येक वर्षांत जात्याला टाकी लागली नव्हती, त्यामुळे पहिल्या फेऱ्यात पीठ जाडंभरडं पडे आणि ते पुन्हा ओतावं लागे. दोघांच्या एका दिवसाच्या भाकरीला पाऊण तास जाई. मग विहीर. प्यायचं, स्वयंपाकाचं, अंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी म्हणजे १२-१५ बादल्या. पावसाळ्यात पाणी हाताशी असे, होळीनंतर दोर लांबत जाई. मग चूल, तिचा धूर, मग राखेने भांडी, मग धुणं. दुपारी उखळात भात सडायचा, पाखडायचा, पुन्हा सडायचा. त्यांच्या उजव्या तळव्याला मुसळाचे घट्टे पडले. पुण्याहून आणलेल्या बियाण्याच्या डब्या फडताळात होत्या तशाच राहिल्या. पावसाळा गेला, थंडी गेली, त्यातली एकही उघडली गेली नाही.

माधवरावांचं लक्ष नव्हतं असं म्हणता येणार नाही. ते परसातल्या आळ्यांना स्वतः पाणी घालत, लाकडं आणून टाकत, सुमतीबाईंना “दमलीस का गं?” असं विचारतही. त्या “नाही हो” म्हणत. घरातली बाई हे असं म्हणतेच, आणि विचारणाऱ्याचं समाधान होतंच.

चैत्रात कारखान्यातले जुने सोबती सहकुटुंब आले. ओसरीवर चटया पसरल्या. नाचणीची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी, कैरीची डाळ आणि हातसडीच्या तांदळाचा भात. पाहुणे घासाघासाला वाहवा करत होते. एक जण म्हणाले, “हा तांदूळ आम्ही पुण्यात दुप्पट भावाने घेतो, आणि तरी ही चव नाही.” माधवरावांना उभारी आली. त्यांनी दाभोळकरांचे दहा गुंठे सांगितले. मग ते विनोबांवर आले. वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, परंधाम आश्रमात १९५० च्या सुमाराला विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाच्या व्यवहाराशिवाय जगायचं, भाजी आपली आपण पिकवायची, बैलाशिवाय हाताने ऋषिशेती करायची. “त्या माणसाने दाखवून दिलं,” माधवराव म्हणाले, “की सोडत गेलं की माणूस मोकळा होतो. आम्हीही तेच केलं. थांबा, वहीच दाखवतो.”

त्यांनी वही आणली आणि पहिलं पान उघडून वाचायला घेतलं. “मोटार सोडली, वर्षाला एवढे वाचले. धुलाई यंत्र सोडलं...” इथे ते अडखळले. दुसऱ्या रकान्याच्या पुढे, जिथे कोरा समास होता तिथे, पेन्सिलने एक उभी रेघ ओढलेली होती आणि वर सुमतीबाईंच्या अक्षरात तिसऱ्या रकान्याचं नाव होतं: ‘ते काम आता कोण करतं’. धुलाई यंत्राच्या ओळीत लिहिलं होतं, सुमती. मिक्सरच्या ओळीत, सुमती. धुण्याभांड्याची बाई, सुमती. नळ आणि मोटर, सुमती. गिरणीचं दळण, सुमती. भात भरडणं, सुमती. गॅस, सुमती, आणि कंसात बारीक अक्षरात, फुंकणी. फक्त पहिल्या ओळीत, मोटारीपुढे, माधवरावांचं नाव होतं. एस.टी.ने भोरला जाऊन बाजाराची पिशवी तेच आणत.

माधवरावांनी वही मिटली. “ऊन चढलं, आधी परसात फिरून येऊ,” असं म्हणून ते पाहुण्यांना घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. तिथे विहिरीवर सुमतीबाई पाहुण्यांच्या हात धुण्यासाठी पाणी ओढत होत्या.

रात्री पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं, “हे कधी लिहिलंस?”

“संक्रांतीच्या सुमाराला,” सुमतीबाई म्हणाल्या. “वाटलं होतं तुम्ही वाचाल. पण तुम्ही रोज पुढच्या पानावर लिहिता, मागचं उघडतच नाही.”

“मला आधी बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही कष्ट करत नाही असं थोडंच आहे? दिवसभर रानात असता. आणि मला इथून परतही जायचं नाही. मला हे घर आवडतं, ही माती आवडते. पण एक सांगू? तुम्ही आज पवनारचं सांगितलंत. विनोबांचं मीही वाचलंय. तिथे विहिरीचा रहाट कोण फिरवत होतं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.”

माधवराव गप्प राहिले. त्यांना ठाऊक होतं. पवनारला बैल नव्हते, तेव्हा रहाटाच्या दांड्याला आश्रमातली माणसं लागत, आणि विनोबाही लागत. त्याआधी जवळच्या सुरगाव या खेड्याच्या सफाईचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा खांद्यावर फावडं टाकून रोज पवनारहून तिथवर ते स्वतः चालत गेले होते. जे साधन सोडलं त्याचं काम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. त्यांच्या सोडण्याला वजन आलं ते त्यामुळेच.

“मी बैल सोडला,” माधवराव सावकाश म्हणाले, “आणि जोखड तुझ्या मानेवर दिलं.”

“तसं नका म्हणू,” सुमतीबाई म्हणाल्या. “रडण्यासारखं काही झालेलं नाही. हिशेब चुकलाय, तो दुरुस्त करू. तुम्ही हिशेब खात्यातले आहात.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून एक नियम ठरवला. ज्याने वस्तू सोडायचं ठरवलं, त्याने तिचं काम करायचं. एक महिना करून पाहायचं. झेपलं आणि करावंसं वाटलं, तर वस्तू गेली ती गेली. नाही झेपलं, तर ती परत आणायची आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. कुठली वस्तू खरोखर नकोच आहे, हे ते काम आजवर करत आलेल्या माणसाने सांगायचं.

सुरुवात जात्यापासून झाली. पहाटे माधवराव मांडी घालून बसले. खुंटा ओढायला पाठीतून जोर लागतो, नुसत्या मनगटाने ओढलं की थोड्याच वेळात खांदा भरून येतो, हे त्यांना तेव्हा समजलं. घास जास्त घातला की जातं घुमायचं आणि पीठ भरड पडायचं. कमी घातला की दगडावर दगड घासून कच यायची. घामाने डबडबून त्यांनी पायली रिकामी करण्याचा नाद सोडला आणि दिवसापुरतं दळलं. शेजारच्या गंगूवहिनी, म्हणजे त्या चुलतभावाच्या पत्नी, ताकाचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

“भावजी, हे काय आरंभलंय?”

“दळतोय, वहिनी.”

गंगूवहिनी आत येऊन जात्याजवळ टेकल्या. “आमच्या खोऱ्यात गिरण आली ना,” त्या म्हणाल्या, “त्या दिशी आमच्या सासूनं या जात्याला हळदकुंकू वाहिलं, पदर पसरला आन म्हणाली, ‘बाई, लई राबलीस, आता बस निवांत.’ पहाटंचं दळण सुटलं आन बायांना सकाळची झोप मिळाली. मला तर माझ्या धाकट्याला मांडीवर घ्यायला येळ मिळाला. तवापासनं जातं काढतो ते लग्नातली हळद दळायला. तुमी पुण्याहून आलात आन सुमतीला पुन्हा जात्याला बसवलंत, तवा मला वाटलं, तिलाच हौस आसंल. म्हणून बोलले न्हाई.”

माधवराव खुंट्यावर हात ठेवून ऐकत राहिले. गावाचा साधेपणा म्हणून त्यांनी जे आणलं होतं, त्यातून गावच्या बायकांनी केव्हाच सुटका करून घेतली होती, आणि देवाचे आभार मानत करून घेतली होती. गावात राहणाऱ्याला कुठलं कष्टाचं काम ठेवायचं आणि कुठलं सोडायचं याची जाण होती. ती जाण विचारून घ्यावी असं त्यांना सुचलंच नव्हतं.

महिना त्यांनी पुरा केला. मग जातं धुऊन कोपऱ्यात ठेवलं आणि दळणाचा डबा खांद्यावर टाकून ते गिरणीत जाऊ लागले. भातही भरडायला गिरणीत गेला. फक्त गिरणीवाल्याला सांगितलं की एकच हात मार, पॉलिश करू नको. तांदूळ तसाच तांबूस, कोंडा राखलेला निघाला. चवीत कुणाला फरक सांगता आला नसता. मुसळाने वर्षभर जे तळहात सोलवटून निघाले होते, ते गिरणीवाल्याला सांगितलेल्या एका वाक्याने वाचले असते.

धुणं माधवरावांना जमलं. विहिरीच्या दगडावर कपडे आपटताना पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं की आपण रोज विनाकारण दोन जोड बदलतो. कपडे कमी झाले, धुणं कमी झालं, आणि धुलाई यंत्र कायमचं गेलं. फ्रिजही गेलाच. कारण सुमतीबाई म्हणाल्या, भाजी रोज परसातली, दूध गंगूवहिनींकडचं, पाणी माठातलं, मग फ्रिज लागतो कशाला? मात्र दोन्ही वेळचं दूध आणायला माधवरावांनी जायचं. गॅस परत आला. स्वयंपाक गॅसवर होऊ लागला, अंघोळीचं पाणी मात्र चुलीवर, आणि त्याची लाकडं फोडून रचायची तीही माधवरावांनी. मिक्सर परत आला नाही. सुमतीबाईंना पाट्यावरची चटणीच आवडायची. त्यांनी एवढंच सांगितलं की वाटायला एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. भांडी रात्रीची त्यांच्याकडे आणि सकाळची सुमतीबाईंकडे.

पाण्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. माधवरावांनी वैशाखात घरचं सगळं पाणी ओढलं. पंधरा लिटरची बादली, पंधरा बादल्या, म्हणजे सव्वादोनशे लिटर पाणी रोज वीस-बावीस हात खोलीवरून वर. त्यांनी बादल्या कमी करून पाहिल्या. अंघोळीचं पाणी केळीला वळवलं, भांड्यांचं पाणी अळूला. वापर खूप कमी झाला. पण पाहुणे आले, आजारपण आलं की दोर पुन्हा कुणाच्या तरी तळहातावर येणार, हे त्यांना दिसत होतं. मृगाच्या आधी विहिरीवर अर्ध्या एचपीची मोटर बसली आणि पडवीच्या माथ्यावर टाकी. वहीतली ‘नळ आणि मोटर’ ही ओळ त्यांनी खोडली आणि शेजारी तारीख घातली.

त्या पावसाळ्यात सुमतीबाई पहिल्यांदा खाचरावर आल्या. वर्षभर त्या घराच्या मागच्या दारातूनच शेत पाहत होत्या. ज्या खाचरात आदल्या वर्षी पाणी टिकलं नव्हतं त्याच्या बांधावरून त्या सावकाश चालत गेल्या, मध्येच बसल्या आणि हात कोपरापर्यंत एका बिळात घातला. “खेकड्यांनी पोखरलाय बांध,” त्या म्हणाल्या. “पाणी वरून जात नाही, आतून जातंय. मला दारातून दिसायचं, खालच्या अंगाला माती सतत ओली असायची. येऊन पाहायला वेळच झाला नाही.” दोघांनी मिळून बिळं उकरली, चिकणमाती ठेचून भरली, बांध पायाने दाबून चोपून घेतला. त्या वर्षी त्या खाचराला पाणी राहिलं आणि भात एक क्विंटलने वाढला.

फडताळातल्या डब्याही उघडल्या. जुनं बियाणं काही उगवलं, काही वाया गेलं. सुमतीबाई वाडीवाडीत फिरल्या आणि कुणाकडून काटेरी वांगं, कुणाकडून लांब पावटा, कुणाकडून तांबडा भोपळा, गंगूवहिनींकडून ठसठशीत दाण्याचा घेवडा असं जमवत गेल्या. परसात गादीवाफे झाले. आषाढात आजूबाजूच्या घरांतल्या बायका रोपं न्यायला येऊ लागल्या. पैसे कुणी देत नसे, पण कुणी सरपण आणून टाके, कुणी कोंबडीखत, कुणी लावणीला एक दिवस येई. माधवराव ज्याला स्वयंपूर्णता म्हणत होते, ती त्यांच्या घरात आली ती या वर्षी, सुमतीबाईंच्या मोकळ्या झालेल्या तासांतून. आदल्या वर्षी माधवरावांनी पैसे वाचवले होते आणि घरातलं सगळ्यांत जाणतं शेतकी डोकं चुलीपुढे बसवून ठेवलं होतं. तो तोटा वहीच्या कुठल्याच रकान्यात आला नव्हता.

पुढच्या वर्षी चिंचवडचं एक जोडपं सल्ला मागायला आलं. नवरा उत्साहात होता. त्याला विचारायचं होतं की किती गुंठे लागतील, विहीर की बोअर, गाय ठेवावी का, सौरऊर्जा परवडते का, कायद्याने शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही तर काय करावं. माधवरावांनी जमतील तितक्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग वही पुढे केली. “तुम्हीही अशी वही घाला,” ते म्हणाले. “पण आमच्याकडे शेवटी भरला गेला तो रकाना तुम्ही आधी भरा. काय सोडणार ते मागाहून लिहा. आधी लिहा, ते काम उद्यापासून कोण करणार. आणि तो रकाना एकट्याने भरू नका. जिचं किंवा ज्याचं नाव त्यात यायचं आहे, तिला किंवा त्याला शेजारी बसवून भरा.”

नवरा म्हणाला, “पण मग बऱ्याच वस्तू सोडताच येणार नाहीत.”

“नाही येणार,” माधवराव म्हणाले. “आमच्याही नाही आल्या. पण ज्या सुटल्या त्या खरोखर सुटल्या. त्यांच्यामागे कुणी राबत नाही.”

त्या तरुणाची बायको इतका वेळ गप्प होती. तिने पेन्सिल मागून घेतली.

गरजा कमी कराव्यात, जमिनीजवळ राहावं, आपलं आपण पिकवून खावं, हा विचार चांगलाच आहे आणि आज तर त्याची फार निकड आहे. पण वस्तू घरातून गेली तरी तिचं काम घरातच राहतं. ते कुणाच्या तरी हातावर, पाठीवर, झोपेवर जाऊन बसतं. यंत्राचं ओझं आपण उतरवतो तेव्हा ते जमिनीवर ठेवलं की दुसऱ्याच्या डोक्यावर, हे वळून पाहिलं पाहिजे. जो स्वतःच्या कष्टाने गरज भागवतो तो साधा. जो दुसऱ्याच्या कष्टावर यंत्राविना राहतो, तो पूर्वीइतकाच परावलंबी, फक्त वीजबिलाऐवजी माणूस खर्च करणारा. म्हणून त्याग करायचा असेल तर आपल्या वाट्याचा करावा, आणि जे काम आपण अंगावर घेऊ शकत नाही, त्याचं यंत्र मान खाली न घालता घरात ठेवावं.